वायर जोडली, पण आवाज कुठे अडला?

समोर सामान होतं ते इतकंच: ६१ पट्ट्यांचा अरेंजर (आपोआप साथ देणारा) कीबोर्ड, विंडोजवर चालणारा लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), वायरचा हेडफोन आणि एक सस्टेन पेडल, म्हणजे सूर लांबवणारं. घरच्या घरी रेकॉर्डिंग करायला एवढं पुष्कळ आहे. वायरी खुपसण्याचं काम दहा मिनिटांत आटोपलं, पण पहिला स्वच्छ टेक, म्हणजे एका दमात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, हाती यायला अख्खी दुपार गेली. तो वेळ कशात गेला, कुठे काय अडलं आणि का अडलं, ते क्रमाने लिहितो आहोत.

‘कीबोर्ड लॅपटॉपला जोडायचा’ या एका वाक्यात दोन वेगळी कामं दडलेली असतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. एक काम मिडीचं. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली एवढाच निरोप जातो. तो निरोप ऐकून वाजवायचं काम लॅपटॉपमधला पियानो किंवा सिंथ (आवाज कृत्रिमपणे घडवणारं वाद्य) करतो. दुसरं काम ऑडिओचं, म्हणजे कीबोर्डाच्या पोटातला टोन जसा ऐकू येतो तसाच रेकॉर्ड करायचा. लॅपटॉपमधली वाद्यं कीबोर्डाने वाजवायची असतील तर मिडी पुरतं. कीबोर्डातलीच स्ट्रिंग्ज किंवा ऑर्गन गाण्यात हवा असेल तर ऑडिओची वायर वेगळी लागते. यामाहा एमओडीएक्ससारख्या काही कीबोर्डांवर एकाच यूएसबी वायरीतून दोन्ही जातं, पण आमच्या हाताखालच्या कीबोर्डावर तशी सोय नव्हती. म्हणून आधी मिडी, ते पक्कं झाल्यावर ऑडिओ, असा क्रम धरला. दोन्ही एकदम जोडून बसलं की बिघाड नेमका कुठल्या वायरीत आहे तेच कळत नाही.

कीबोर्डाच्या पाठीमागे यूएसबीची दोन तोंडं होती. प्रिंटरला असतं तसं चौकोनी तोंड, त्यावर ‘टू होस्ट’ लिहिलेलं. लॅपटॉपची वायर इथे लागते. चपटं तोंड ‘टू डिव्हाइस’चं, ते पेन ड्राइव्हसाठी. चपट्याला लॅपटॉप जोडून काहीच घडत नाही. नव्या कीबोर्डांवर चौकोनीच्या जागी सी टाइप असतं, छोट्या कंट्रोलरवर (स्वतःचा आवाज नसलेल्या, फक्त मिडी पाठवणाऱ्या पट्ट्यांवर) कधी मायक्रो यूएसबी. या दोन्हींत एक फसगत हमखास होते: घरात सापडलेली वायर नुसती चार्जिंगची असते. तिच्यात वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. कंट्रोलरचे दिवे लागतात, लॅपटॉपला मात्र काही दिसत नाही. वायरीवर संशय आला तर तीच वायर मोबाइलला लावून फोटो लॅपटॉपवर उतरतात का ते पाहावं, शहानिशा तिथेच होते. लांबी ५ मीटरच्या आत ठेवावी, आणि निदान पहिल्या जोडणीपुरता तरी हब मध्ये आणू नये.

आवाज शून्यावर ठेवून, वायर लावून, मग कीबोर्ड चालू केला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या गटात एक नवी ओळ उमटली. तिथे कीबोर्डाचं मॉडेल दिसेलच असं नाही. कधी ‘डिजिटल कीबोर्ड’, कधी नुसतं ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ असं मोघम नाव येतं. हल्लीचे बहुतेक कीबोर्ड वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात, कारण यूएसबीवरून मिडी पाठवायची सामाईक पद्धत १९९९ मध्येच ठरली आहे. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा, तो टाकताना यूएसबी वायर काढून ठेवावी आणि नंतर जोडावी. रोलँडच्या काही कीबोर्डांच्या सिस्टिम मेनूत ‘यूएसबी ड्रायव्हर’ अशी सेटिंग असते: जेनेरिक की व्हेंडर. ती बदलल्यावर कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. मॅकवर हीच तपासणी ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये मिडी स्टुडिओची खिडकी उघडून करता येते.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. रेकॉर्डिंगचा मोठा प्रोग्राम उघडण्याआधी आम्ही मिडीचे निरोप नुसते वाचून दाखवणारा छोटा प्रोग्राम उघडला. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर. दोन्ही फुकट मिळतात. मधली पांढरी एक दाबली की पडद्यावर तीन आकडे येतात, उदाहरणार्थ १४४, ६०, ९२. पहिला आकडा सांगतो की पहिल्या चॅनलवर, म्हणजे निरोपांच्या पहिल्या वाटेवर, पट्टी दाबली गेली. ६० हा त्या पट्टीचा क्रमांक. ९२ म्हणजे दाबण्याचा जोर, तो १ ते १२७ मध्ये कुठेही असू शकतो. पट्टी सोडली की आणखी एक ओळ येते, बऱ्याचदा जोराच्या जागी शून्य घेऊन. (प्रोग्राम हेच आकडे हेक्साडेसिमल म्हणजे सोळाच्या पायाने मोजून दाखवत असेल तर १४४ च्या जागी ९० दिसतं, घाबरू नये.) १९८३ पासून हीच बोली चालत आली आहे, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा सिंथ आणि आजचा लॅपटॉप एकमेकांशी बिनदिक्कत बोलतात.

या पडद्यासमोर पाच मिनिटं बसलो आणि कीबोर्डाच्या चार खोडी उघड्या पडल्या. त्यातली एकही पुढे रेकॉर्डिंग करताना सहज सापडली नसती.

पहिली खोड जोराची. हळू दाबा, ठोका, तिसरा आकडा दर वेळी तोच. टच रिस्पॉन्स, म्हणजे दाबण्याचा जोर ओळखायची सोय, बंद होता. अरेंजर कीबोर्डावर ऑर्गन वाजवण्यासाठी तो कुणीतरी बंद करून ठेवतं आणि विसरतं. चालू केल्यावर आकडे ३० पासून ११५ पर्यंत हलू लागले. तरीही नेहमीच्या हाताने वाजवून आकडा ७० च्या वर जातच नसेल, तर कीबोर्डावरच ‘सॉफ्ट’ टच निवडावा. त्यात हलक्या हातालाही मोठा आकडा मिळतो.

दुसरी, एका पट्टीला दोन ओळी: एक पहिल्या चॅनलवर, दुसरी दुसऱ्या चॅनलवर. ड्युअल म्हणजे दोन टोन एकावर एक लावायची सोय चालू राहिली होती. असंच रेकॉर्ड केलं असतं तर प्रत्येक सूर दोनदा नोंदला गेला असता, आणि लॅपटॉपमधला पियानो उगाच जाड, किंचित धातूसारखा वाजला असता. ड्युअल आणि स्प्लिट (पट्ट्यांचे दोन भाग करून वेगळे टोन लावायची सोय) बंद केले. स्टाइलची साथसुद्धा बंद केली, कारण ती ढोलक, बास, कॉर्ड सगळं आपापल्या चॅनलवर लॅपटॉपला पाठवत राहते.

तिसरी ट्रान्सपोजची, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायच्या सोयीची. पांढरी एक दाबली तर ६० ऐवजी ६१ येत होता. कुणाच्या तरी काळी एकच्या पट्टीसाठी ट्रान्सपोज अधिक एकवर ठेवलेला होता. बऱ्याच कीबोर्डांवर ट्रान्सपोज बाहेर जाणाऱ्या मिडीलाही लागतो. तो शून्यावर आणला. पट्टी बदलायचीच असेल तर ती रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामात बदललेली बरी, निदान नोंद तरी सरळ राहते.

चौथी पेडलची, आणि ही सगळ्यात गमतीची. पाय उचलला की सूर लांबायचे, दाबला की तुटायचे. पडद्यावर कंट्रोलर ६४ (मिडीत सस्टेन पेडलचा हा क्रमांक) चा आकडा पाय वर असताना १२७ आणि दाबल्यावर शून्य येत होता. व्हायला हवं बरोबर उलटं. पेडलचे दोन प्रकार असतात. काहींमध्ये दाबल्यावर आतली जोड जुळते, काहींमध्ये दाबल्यावर तुटते. आपल्याला जोडलेलं पेडल कुठल्या प्रकारचं, हे कीबोर्ड सुरू होताना एकदाच पाहून ठेवतो. चालू करताना पाय पेडलवर असेल, किंवा पेडल नंतर खुपसलं असेल, तर अंदाज उलटा बसतो. कीबोर्ड बंद केला, पेडल नीट खुपसून पाय बाजूला घेतला, पुन्हा चालू केला. सुतासारखा सरळ झाला. तेवढ्याने भागलं नाही तर पेडलच्या पोटाखाली छोटा स्विच आहे का ते पाहावं.

मग रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. आम्ही रीपर वापरला. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्यूबेस किंवा मॅकवरचा गॅरेजबँड, मेनू वेगळे पण कामं हीच. उघडताक्षणी रीपरने तक्रार केली की मिडी इनपुट उघडता आलं नाही. चूक आमचीच, मिडी-ऑक्स मागे चालू राहिला होता. विंडोजवर वर्षानुवर्षं चालत आलेल्या ड्रायव्हरांत मिडीचा एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. ब्राउझरचा एखादा टॅब मिडी धरून बसला असेल तरी हेच होतं. मिडी-ऑक्स बंद करून रीपर पुन्हा उघडला.

कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडले, ऑडिओ विभागात मिडीच्या पानावर गेलो, कीबोर्डाच्या नावावर राइट क्लिक करून इनपुट एनेबल केलं. नंतर कंट्रोल आणि टी दाबून नवा ट्रॅक, त्याचं लाल बटण दाबलं, इनपुटच्या जागी मिडी, त्यात आपला कीबोर्ड आणि चॅनल पहिला. वाद्य म्हणून पहिल्यांदा रीपरसोबतच येणारा रीसिंथ लावला. त्याचा आवाज काही कौतुकाचा नाही, पण तो लगेच उघडतो, सॅम्पल (खऱ्या वाद्याचे साठवलेले आवाज) मागत नाही, आणि वाजला की मार्ग मोकळा असल्याची खूण पटते. काही गिगाबाइटचा सॅम्पल पियानो पहिल्याच फेरीत लावून तो वाजला नाही, तर दोष वायरीचा, सेटिंगचा की न सापडलेल्या सॅम्पलचा, याचा शोध घेत बसावं लागतं. रीसिंथ वाजल्यावर सर्ज एक्सटी लावला, तोही फुकट आहे आणि बराच दमदार आहे.

सूर एक सप्तक वर-खाली ऐकू येतात असं वाटलं तर नावांवर जाऊ नये, क्रमांक पाहावा. त्याच ६० क्रमांकाच्या पट्टीला रीपर सी ४ म्हणतो, एबलटन आणि क्यूबेस सी ३, एफएल स्टुडिओ सी ५. आकडा ६० असेल तर सगळं ठीक आहे. तो ४८ किंवा ७२ येत असेल तर कीबोर्डावरचं ऑक्टेव्ह बटण कुणीतरी दाबलेलं आहे.

आता लॅगचं प्रकरण. पट्टी दाबली आणि सूर उशिरा आला की दोष मिडीवर ढकलला जातो. जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीतसुद्धा एका सुराचा निरोप जायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. उशीर होतो तो लॅपटॉप आवाजाचे गठ्ठे बांधून पाठवतो म्हणून. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) हिशेबाने १२८ च्या बफरला २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. त्यात ड्रायव्हर आणि इंटरफेस आपापली थोडी भर घालतात. हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटर लांबच्या स्पीकरसमोर बसून वाजवण्यासारखा. तेवढा बोटांना खपतो. २० च्या पुढे मात्र द्रुत लयीत हात अडखळायला लागतो.

रीपरमध्ये सुरुवातीला विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडलेला होता आणि उशीर चांगलाच जाणवत होता. ऑडिओच्या पानावर एसिओ (कमी उशिराची ड्रायव्हरची पद्धत) निवडून तिथे इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर लावला, बफर १२८ केला आणि उशीर जाणवेनासा झाला. इंटरफेस नसेल तर एसिओ-फॉर-ऑल हा फुकटचा ड्रायव्हर, किंवा विंडोजचंच वासापी एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये, हे दोन मार्ग आहेत. इंटरफेसच्या ड्रायव्हरची बरोबरी ते सहसा करत नाहीत, पण काम भागतं. मॅकवर ही भानगडच नाही. हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्येच दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, मग बफर कितीही कमी करा, उपयोग शून्य.

सॅम्पल पियानो लावून पेडल दाबून भरभरून वाजवल्यावर १२८ वर चरचर ऐकू येऊ लागली. बफरचा गठ्ठा वेळेत भरला गेला नाही की आवाजाला भोक पडतं, ती ही चरचर. २५६ केल्यावर बहुतेक गेली, पूर्ण नाही. तेव्हा लॅपटॉपला चार्जर लावला, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं आणि वाय-फाय बंद केलं. चरचर थांबली ती वाय-फाय बंद झाल्यावर. प्रोसेसर जेमतेम पंधरा टक्के वापरला जात असतानाही हे घडतं, कारण वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरतो. कुठला ड्रायव्हर अडवतो आहे हे लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम सांगतो. वाजवून झालं आणि मिक्सिंगला बसलं की बफर खुशाल १०२४ करावा, तेव्हा बोटांना कुणी विचारत नाही.

हे होईस्तोवर आणखी एक त्रास लक्षात आला: हेडफोनमधून पियानो आणि कीबोर्डाच्या स्पीकरमधून कीबोर्डाचाच टोन, दोन्ही एकदम. नुसता आवाज कमी करून भागतं, आणि मिडी फक्त लॅपटॉपकडे जाणार असेल तर तेवढं पुरे. पण रीपरमधून मिडी परत कीबोर्डाकडे पाठवायची वेळ आली की खरी गडबड होते. पट्टी दाबल्यावर एकदा कीबोर्ड स्वतः वाजवतो, तोच निरोप लॅपटॉपमधून फिरून येतो आणि तो दुसऱ्यांदा वाजवतो. सूर फेजर या इफेक्टमधून काढल्यासारखा पोकळ लागतो, आणि एका वेळी वाजू शकणारे सूर निम्म्यावर येतात. यावर उपाय लोकल कंट्रोल बंद करणं. त्याने पट्ट्या आणि पोटातला आवाज यांची आतली जोड तुटते. फंक्शन किंवा मिडी मेनूत ‘लोकल’ म्हणून ती सापडते. एक सावधगिरी: लोकल बंद आणि लॅपटॉपही बंद, अशा वेळी कीबोर्ड ठार मुका होतो आणि माणूस तो दुरुस्तीला न्यायच्या तयारीला लागतो. बऱ्याच कीबोर्डांवर बंद-चालू केल्यावर लोकल आपोआप परत येतं, काहींवर नाही.

आता ऑडिओ. या कीबोर्डाला मागे लाइन आउट नव्हतं, फक्त हेडफोनचा ६.३५ मिलिमीटरचा जॅक. लॅपटॉपच्या अंगावरचं ३.५ मिलिमीटरचं भोक या कामाचं नाही. हेडफोन आणि माइक एकत्र असलेल्या त्या भोकात माइकची बाजू मोनो असते, नाजूक माइकसाठी बेतलेली असते, आणि कीबोर्डाच्या जोरदार सिग्नलने ती लगेच फाटते. म्हणून इंटरफेस.

हेडफोन जॅकमधून स्टीरिओ वायर काढून ती सरळ इंटरफेसच्या पहिल्या इनपुटात खुपसली. आवाज आला, पण विचित्र. पियानो दूरच्या खोलीत वाजल्यासारखा, बास जवळजवळ गायब, नुसता रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) तेवढा छान. लेव्हल वाढवून फरक पडेना. वायरीच्या टोकाला दोन काळ्या रेघा होत्या, म्हणजे टोक, कडं आणि दांडा असे तीन भाग. हेडफोन आउटमधून टोकावर डावा आवाज येतो, कड्यावर उजवा. पण इंटरफेसचं बॅलन्स्ड इनपुट अशा पिनेकडे वेगळ्या नजरेने पाहतं. टोकावरच्या सिग्नलमधून कड्यावरचा वजा करतं, कारण बॅलन्स्ड वायरीत दोन्हींवर एकच सिग्नल उलटसुलट येतो आणि वजाबाकीत वाटेतला गोंगाट मरतो. इथे मात्र डाव्यातून उजवा वजा झाला. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे बास आणि पियानोचा गाभा, शून्य झालं, आणि दोन बाजूंना वेगळा असलेला रिव्हर्ब तेवढा उरला. इलाज सोपा: वाय केबल. एका टोकाला स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना. एक पहिल्या इनपुटात, दुसरी दुसऱ्यात. रीपरमध्ये ट्रॅकचं इनपुट स्टीरिओ १-२ केलं आणि पियानो पुन्हा खोलीत आला. ज्या कीबोर्डांना लाइन आउट आहे तिथे डाव्या-उजव्यासाठी दोन वायरी वेगवेगळ्या लागतात. एकच असेल तर ती ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकात लावावी.

इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ बटण बंद केलं, ते गिटारसाठी असतं. कीबोर्डाचा व्हॉल्यूम सत्तर टक्क्यांवर स्थिर केला आणि त्यापुढची लेव्हल इंटरफेसच्या गेनने बसवली. लेव्हल पाहताना हलक्या हाताने वाजवून उपयोग नाही. गाण्यात सगळ्यात जोरात जे येणार आहे ते वाजवावं, दोन्ही हातांनी. शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आली की थांबावं. रेकॉर्डिंग २४ बिटांत असेल तर लेव्हल थोडी कमी राहिल्याने काही बिघडत नाही, शून्यावर आपटली तर तो टेक गेला. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज लॅपटॉपमधून न फिरवता सरळ हेडफोनला देणं) चालू असेल तर रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवावं, नाहीतर एकच आवाज किंचित अंतराने दोनदा ऐकू येतो.

यूएसबी आणि ऑडिओ दोन्ही वायरी एकदम लागल्या आणि घूंऽऽ सुरू झाली. तिच्या जोडीला माऊस हलवला की बदलणारी बारीक किरकिर. ही ओळखण्याची रीत अशी: चार्जर काढला आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की थांबते का? थांबली. मग चार्जर परत लावून कीबोर्डाची यूएसबी वायर काढून पाहिली, तेव्हाही थांबली. म्हणजे ग्राउंड लूप. कीबोर्ड आणि लॅपटॉप यांची जमीन यूएसबीतून जोडली गेली, ऑडिओ वायरीतूनही जोडली गेली, आणि त्या वेटोळ्यात मेन्सची गुणगुण आणि लॅपटॉपच्या आतली किरकिर फिरायला लागली. सगळे प्लग एकाच पॉवर स्ट्रिपवर आणल्यावर घूं कमी झाली, किरकिर राहिली. तो टेक बॅटरीवरच काढला. कायमचे उपाय दोन. ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (विजेची थेट जोड न ठेवता आवाज पुढे देणारी डबी), दोन चॅनलचा, ग्राउंड लिफ्टसह, म्हणजे जमिनीची जोड तोडणाऱ्या स्विचसह. किंवा यूएसबीच्या वाटेत तेच काम करणारा यूएसबी आयसोलेटर. चार्जरच्या किंवा कुठल्याही प्लगची अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नव्हे, त्यात जीव जाऊ शकतो.

जुन्या कीबोर्डावर यूएसबी नसून पाच पिनांचे मिडी इन आणि आउट असतील तर या लूपची भीती कमी, कारण मिडी इनमध्ये निरोप प्रकाशाच्या झडपेतून, म्हणजे ऑप्टोकप्लरमधून, पलीकडे जातो आणि विजेची थेट जोड होत नाही. तिथे यूएसबी-मिडी वायर लागते. तिच्या पिनांवरच्या ‘इन’, ‘आउट’ या चिठ्ठ्या बहुधा वायरीच्या बाजूने लिहिलेल्या असतात: ‘इन’ची पिन कीबोर्डाच्या आउटमध्ये. नाही वाजलं तर अदलाबदल करावी, काही जळत नाही. अगदी स्वस्तातल्या वायरींत ऑप्टोकप्लरच गाळलेला सापडतो, आणि भराभर वाजवलं की सूर गळतात किंवा अडकून राहतात.

सगळं जागेवर आल्यावर पहिला टेक. दोन मात्रांचा काउंट-इन (रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीचे मोजणीचे ठोके) पुरत नाही, दोन बार म्हणजे दोन आवर्तनं ठेवली. आधी मिडी रेकॉर्ड केलं. क्वांटाइझ (सूर तालाच्या रेघेकडे सरकवणं) सोळाव्या भागावर लावलं, पण शंभर टक्के नाही, साठ-सत्तर टक्के. सगळे सूर रेघेवर आणून ठेवले की ठेक्याचा डौल मरतो. लांबवून वाजवलेल्या जागांना हातच लावला नाही.

टेकचा तुकडा मधोमध कापल्यावर एक सूर वाजतच राहिला. कापलेल्या जागी पेडल दाबलेलं होतं आणि सोडल्याचा निरोप पलीकडच्या तुकड्यात गेला होता. मिडी एडिटरमध्ये ६४ क्रमांकाच्या कंट्रोलरची पट्टी उघडून तुकड्याच्या शेवटी शून्याचा एक ठिपका टाकला की काम झालं. तातडीचा उपाय हवा असेल तर ‘ऑल नोट्स ऑफ’ पाठवणारी आज्ञा बहुतेक प्रोग्रामांत असते.

शेवटची फेरी उलट दिशेची. साफ केलेलं मिडी रीपरमधून कीबोर्डाकडे पाठवायचं आणि कीबोर्डातली स्ट्रिंग्ज ऑडिओ म्हणून घ्यायची. लोकल बंद, मिडी ट्रॅकचं हार्डवेअर आउटपुट कीबोर्डावर, दुसऱ्या ट्रॅकवर स्टीरिओ १-२ रेकॉर्डला. प्ले केल्याबरोबर स्ट्रिंग्जच्या जागी ट्रम्पेट वाजला. पहिल्या टेकच्या वेळी कीबोर्डाचं टोनचं बटण दाबलं गेलं होतं, तो प्रोग्राम चेंज (टोन बदलण्याचा निरोप) ही मिडीत नोंदला गेला होता. मिडी एडिटरमध्ये सापडला, पुसला. कीबोर्डाचा रिव्हर्ब शून्य केला. तो मागाहून लावता येतो, एकदा रेकॉर्डमध्ये मुरला की काढता येत नाही. मास्टर इक्यू, म्हणजे कीबोर्डाचा बास-ट्रेबल, सपाट केला.

रेकॉर्ड झालेली स्ट्रिंग्ज क्लिकच्या (मेट्रोनोमच्या ठोक्याच्या) मागे पडत होती. निरोप जायला, कीबोर्डाला सूर काढायला आणि आवाज परत यायला लागलेला हा वेळ. मोजायला त्याच मार्गाने एक कडक आवाज, रिमशॉट, बरोबर ठोक्यावर पाठवून रेकॉर्ड केला. झूम करून पाहिलं तर तो ९ मिलिसेकंद मागे होता. स्ट्रिंग्जचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, ओढला. हा आकडा दर जोडणीला वेगळा निघतो आणि बफर बदलला की बदलू शकतो, म्हणून तो प्रोजेक्टच्या नोट्समध्ये लिहून ठेवला: बफर २५६, ४८ किलोहर्ट्झ, उणे ९. मिडीचा ट्रॅक पुसला नाही, म्यूट करून ऑडिओच्या खाली ठेवला. सगळं टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलं, आणि कीबोर्ड बंद करण्याआधी लोकल पुन्हा चालू केलं.